ठकूबाईचं लुगडं

हळद शिजायला लागली की माझं डोकं फिरतं. सांगलीत जन्म काढून हळदीचा राग करते म्हणून शेजारणी मला हसतात. हसू देत. फेब्रुवारी सरत आला की मळ्यांकडून तो ओला, मातकट, जरासा कडवट वास येतो, पेठेतून हळदीच्या पॉलिशची धूळ उडते, दोरीवर घातलेली पांढरी चादर संध्याकाळपर्यंत आजारी माणसासारखी पिवळी पडते, आणि मला एका जुन्या मार्च महिन्याचा वैताग नव्याने येतो. वैताग कधी शिळा होत नाही, निदान माझा तरी होत नाही.

यंदा त्यात भर पडली. एका मुलीचा फोन आला. आवाज गोड, वय असेल पंचवीस. "आजी, तुम्ही 'चुळबुळ'साठी बाहुल्या करत होतात ना? मी त्या कार्यक्रमाचा इतिहास लिहितेय."

म्हटलं, लिही बाई.

मग तिने प्रश्नांची माळच लावली. बाहुल्यांवर कुठल्या शैलीचा प्रभाव होता? प्रभाव कसला, कातरणांचा. आमच्या यांचं शिवणकामाचं दुकान होतं, उरलेल्या चिंध्यांतून बाहुल्या व्हायच्या. ज्या आठवड्यात कोटाचं गिऱ्हाईक यायचं त्या आठवड्यात अस्वल, ज्या आठवड्यात परकर-पोलकी, त्या आठवड्यात चिमण्या. डोळ्यांना कोटाची बटणं. डोकी कागदाच्या लगद्याची, त्यात मेथीचं पीठ कालवायचं म्हणजे कीड लागत नाही. हा झाला इतिहास. पण मुलीचं समाधान होईना. म्हणाली, "तुम्हाला स्वतःला कुठला भाग सगळ्यात जास्त आवडायचा?"

मी म्हटलं, मी एकच पाहिलाय. पंधरा मिनिटांचा.

पलीकडून तिने दोनदा विचारलं, एकच?

आता हिला काय सांगायचं, की आठ-नऊ वर्षं मी त्या कार्यक्रमाच्या बाहुल्या केल्या, त्यांची अंगडी-टोपडी शिवली, फुटलेली नाकं पुन्हा लावली, आणि सांगलीत तेव्हा टीव्हीच दिसत नव्हता. मुंबईच्या लहरी पुण्याला यायच्या, तिथून घाट उतरून साताऱ्यापर्यंत रडतखडत पोचायच्या आणि कऱ्हाडच्या अलीकडेच दमायच्या. महाराष्ट्रातली अर्धी पोरं माझ्या बाहुल्या बघून जेवत होती, असं लोक आता सांगतात. मी मात्र त्या लगदा, मेथी आणि सुईपुरत्याच ओळखत होते.

हे काम माझ्या गळ्यात मारलं बाळूने. बाळू माझा मावसभाऊ. मावशी गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला आमच्या तासगावच्या घरी आणलं आणि माझ्या हवाली केलं. मी पंधरा-सोळाची. पुढे माझं लग्न झालं, तर हायस्कुलासाठी तो माझ्या पाठोपाठ सांगलीला आला. अभ्यासात कच्चा, बोलण्यात त्याहून कच्चा. हात मात्र असे, की रुमालाला गाठ मारून बोटात अडकवला तर तो रुमाल तुमच्याकडे रागाने बघतोय असं वाटायचं. नाटकवाल्यांच्या मागे मुंबईला गेला, आणि टीव्ही सुरू झाल्यावर या बाहुल्यांच्या कार्यक्रमात चिकटला. तिथे त्याला कुणाच्याच बाहुल्या हातात बसेनात. मग आलं पोस्टकार्ड. "ताई, एक ससा कर. माझ्या हाताच्या मापाचा. बाळू."

बाळूची सगळी पत्रं अशीच. कार्ड पाऊण कोरं. पोस्टाने त्याला शब्दामागे काही लावलं असतं तर एक वेळ समजले असते. ख्यालीखुशाली नाही, तिथे काय चाललंय ते नाही, मी केलेला ससा बरा दिसला की वाईट, तेही नाही. पुढचं कार्ड थेट "ताई, एक बेडूक कर."

खोकी जायची हळदीच्या ट्रकमधून. यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर पोत्यांच्या मधे खोकं सारायचा. पांढरा ससा मुंबईला पोचेपर्यंत पिवळा झाला असणार, अशी मला धाकधूक. पण त्याबद्दल बाळूची कधी तक्रार नाही. तक्रार एकाच गोष्टीची, ठकूबाईच्या लुगड्याची.

ठकूबाई म्हणजे शेळी. तिच्यासाठी त्याने आयुष्यातलं सगळ्यात लांब पत्र लिहिलं, चांगलं चार ओळींचं. माणदेशातली शेळी, नवरा मुंबईला कामाला, पदरात पाच करडं, सारखी वैतागलेली. नवरा कार्यक्रमात कधी येणार नाही, कारण बाळूला हात दोनच, आणि माणमधल्या बायकांचे नवरे तसेही दिवाळीलाच दिसतात. मला ही शेळी फार आवडली. लगदा मी तीनदा कुटला. कान खाली पडलेले, डोळ्यांना काळी बटणं आणि त्यावर जरा जड पापण्या, म्हणजे ती दमलेलीही दिसेल आणि हार न मानणारीही. कपाळावर ठसठशीत कुंकू. आणि अंगावर लालभडक लुगडं, हिरव्या काठाचं. नवरा लांब असलेली बाई लालच नेसणार. लोकांनी बघितल्याबरोबर कळलं पाहिजे, की धनी आहे, सुखरूप आहे, फक्त इथे नाही.

बाळूचं कार्ड आलं. "ताई, शेळी बरी झाली. लाल नको. फिकट लुगडं नेसव."

मी ते दोनदा वाचलं आणि माझा पारा चढला. फिकट? म्हणजे पांढरट? अहो, तिचा नवरा जिवंत आहे. त्या मुंबईच्या लोकांना वाटतं काय, तो पत्र पाठवत नाही म्हणजे मेला? माण-खटावच्या गावोगाव अशा बायका आहेत, धनी गोदीत नाहीतर गिरणीत. त्यांच्या डोळ्यांसमोर सवाष्णीला पांढरं नेसवून उभी करायची? मी दुसरं लुगडं पाठवलं, पहिल्यापेक्षा लाल.

दुसरं कार्ड. "ताई, लाल नको म्हटलं ना. फिकट."

मी तिसरं पाठवलं. त्याला जरीचा काठ लावला.

कुणी म्हणेल, टीव्हीत रंग दिसत नाहीत हे तुला माहीत नव्हतं का. कुठून असणार? आमच्या थिएटरात तोवर सगळे चांगले सिनेमे रंगीत यायला लागले होते. टीव्ही तर सिनेमाच्याही नंतरचा. नवी वस्तू जुन्यापेक्षा उणी असेल, असं कुणाच्या मनात येईल? बाळूच्या मनात आलं नाही की हिला हे सांगावं लागेल, आणि माझ्या मनात आलं नाही की त्याला विचारावं. वर्षभर आम्ही एकमेकांना असे हट्टाने कापडं आणि कार्डं पाठवत राहिलो.

आणि मग तो मार्च. अंगणात हळदीची धूळ, दुकानात लग्नसराईची शिवणं, आमच्या दिलीपची सातवीची परीक्षा तोंडावर, तो गणिताचं पुस्तक घेऊन पोत्यासारखा बसलेला, आणि कार्ड आलं. "ताई, शेळी बंद करायचं ठरतंय. पडद्यावर ती नीट ओळखूच येत नाही म्हणतात. या महिन्याअखेर शेवटची."

माझ्या हातातली कात्री खाली पडली, असं काही झालं नाही. मी पोलक्याची बाही जोडत होते, ती जोडून संपवली. बेडूक गेला, अस्वल गेलं, मला काही वाटलं नव्हतं. ठकूबाई जाते म्हटल्यावर वाटलं, मी हिला एकदाही चालताना पाहिलं नाही. ओळखू येत नाही म्हणजे काय? तीनदा कुटलेला लगदा, त्या पापण्या. दुसऱ्या दिवशी मी यांना सांगितलं की मी साताऱ्याला चालले. वन्संकडे टीव्ही आलाय, तिथे बघते आणि परत येते.

हे मशिनीवरून मान वर न करता म्हणाले, "परीक्षा पोराची, आणि तू बाहुली बघायला चालली?"

"परीक्षा मी द्यायची आहे का?" मी म्हटलं.

एस.टी. कऱ्हाडला अर्धा तास थांबली. कंडक्टर वडापाव खायला गेला तो बहुतेक वडे तळून मगच परतला. साताऱ्यात उतरले तेव्हा चार वाजून गेले होते, किल्ल्यावर ऊन तिरपं झालेलं. वन्संचे यजमान पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी गावाबाहेर नवं घर बांधलेलं, आणि छपरावर अँटेनाची अशी उंच काठी उभी केलेली की खाली कुणी निशाणाला सलाम करावा. टीव्ही लाकडी पेटीत, पेटीला दारं, दारांवर कुंकवाची बोटं. दाराशी चपलांची रांग एका ओळीत, कारण भावजी वाकडी चप्पल दिसली तर माणसाला परत पाठवत. आठवड्याच्या या संध्याकाळी आळीतल्या सगळ्या बायका-पोरं हजर.

"वैनी, तुमी फुडं बसा," भावजी म्हणाले. "खुर्ची घ्या. आज तुमचा मान."

"आदी दोन घास खावा," वन्सं म्हणाल्या. "लांबनं आलाय."

मी म्हटलं, नंतर खाते, साडेसहा वाजत आलेत. पण साताऱ्याच्या माणसाला पाहुण्याचं पोट रिकामं ठेवून झोप लागत नाही. पिठलं-भाकरी खाल्ली, घाईने, पाण्याच्या घोटांबरोबर गिळत. उठून खुर्चीवर बसते न बसते तो वन्सं ताट घेऊन समोर उभ्या. हळदकुंकू, नारळ, तांदूळ, खण.

"आवं, नव्या घरात पैल्यांदा पाय लागला तुमचा. वटी न भरता कसं चालंल? उठा, पूर्वेकडं तोंड करा."

पूर्व नेमकी टीव्हीच्या समोरच्या भिंतीकडे होती. म्हणजे टीव्ही माझ्या पाठीशी. आणि त्याच क्षणी कार्यक्रमाचं संगीत सुरू झालं. नऊ तास प्रवास केलेला वाटावा असा दिवस, वर्षभराचा हट्ट, आणि मी साऱ्या खोलीकडे तोंड करून, पदर पसरून उभी. वन्सं सावकाश, मोजून, पाच वेळा तांदूळ घालतायत. समोर पोरं हसतायत आणि मला दिसतात फक्त त्यांचे दात. इतकी चिडचिड माझी बाळंतपणातही झाली नव्हती.

शेवटी नारळ सांभाळत वळले. पडद्यावर सगळं करडं. मी डोळे चोळले. वाटलं, मघाशी कुंकू लावताना डोळ्यात गेलं.

"भावजी, रंग कुठं गेले?"

"कसलं रंग?"

"चित्राचे."

"रंग नसत्यात वैनी ह्यात. समदं काळं-पांढरं. न्हाईतर एवढा सवस्त आला आसता व्हय?"

मी तशीच बसले, मांडीवर नारळ. ससा पांढरा दिसत होता. ट्रकमध्ये पिवळा झालेला ससा, पांढरा. आणि मग आली ठकूबाई. म्हणजे आली असं ऐकू आलं. दिसलं ते एवढंच, की पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा गोळा हलतोय आणि त्यात दोन बटणं चमकतायत. लाल लुगडं काळंकुट्ट. हिरवा काठ काळा. मागचा पडदा काळसर. ठसठशीत कुंकू म्हणजे कपाळावर कुणी शाई सांडावी तसं. माझी सवाष्ण शेळी, मी तिला वर्षभर अंधारात उभी करून ठेवली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तेवढ्यात एक बाई म्हणाली, "आली बगा सांगलीची वैनी."

सगळी खोली हसली. मी मागे वळले. त्या बाईने जीभ चावली, पण ती माझ्याशी बोलत नव्हती, पडद्याकडे बघत होती. पडद्यावर त्या काळ्या गोळ्याने कमरेवर हात ठेवला, मान एका बाजूला टाकली, आणि मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलं. बोटांनी नाही, मनगटाने. माझी बोटं लगद्याने भरलेली असतात, म्हणून मी तसं पुसते. आणि ती म्हणाली, "म्हणजे आता हेपण मीच करायचं का?"

खोलीतल्या बायका-पोरांनी ते वाक्य तिच्याबरोबर एका सुरात म्हटलं. त्यांना पाठ होतं. माझंही पाठ होतं. दिवसातून दहा वेळा मी ते म्हणते.

"हे कधीपासून चाललंय?" मी वन्संना विचारलं.

"पैल्यापासनं," त्या म्हणाल्या. "आवं, आमाला वाटलं तुमाला ठावं आसंल. तुमीच बनीवता न्हवं?"

सगळ्या जगाला ठाऊक होतं. साताऱ्यातली शेंबडी पोरं मला ओळखत होती. आणि ज्याने हे केलं तो मला लिहितो काय, तर "लाल नको". मी इतकी संतापले की उठून जाणार होते. ओटीतला नारळ नसता तर गेलेही असते.

त्यामुळे शेवटची दोन मिनिटं पाहिली. पडद्यावर करडांची झोपायची वेळ झाली. ठकूबाई एकेकाला दटावत निजवते, मग कामाला जायला उठते, आणि उठताच येत नाही. मागे बघते. सगळ्यात लहान करडू झोपलंय, त्याची मूठ तिच्या बाजूला आवळलेली. "सोड की मेल्या, मला कामं पडलीयत," ती हळू आवाजात म्हणते. जरा ओढल्यासारखं करते. मग ओढत नाही. खाली बसते आणि बसूनच राहते.

"ही मधीच बसली का?" मागून एक पोरगं म्हणालं.

"दमली आसंल," कुणी तरी म्हणालं. भावजी म्हणाले, "गोष्टीला शेवटच न्हाई." खोलीत कुणालाच कळलं नाही, कारण काळ्या लुगड्याचा काळा पदर काळ्या पडद्यावर कुणाला दिसणार? करडाच्या मुठीत काय आहे ते दिसतच नव्हतं.

मला मात्र कळलं. मावशी गेल्यावर सहा वर्षांचा बाळू रडला नाही. रात्री माझ्या शेजारी झोपायचा आणि पदराचं टोक मुठीत धरायचा. मी कामासाठी उठायला गेले की पदर अडकायचा. मी चडफडायचे, शिव्या घालायचे, आणि त्याची मूठ सैल होईपर्यंत बसून राहायचे. किती तरी दिवस. तो झोपलेला असतो असं मी समजत होते. एका हातात मला घालून आणि दुसऱ्या हातात स्वतःला घालून तो मुंबईत ते करत होता, आणि माझ्याच लाल लुगड्यामुळे जगाला दिसत नव्हतं. फिकट नेसव, फिकट नेसव. पदर दिसायला हवा, एवढं दोन शब्दांत लिहायला याला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी वन्संकडे सुई-दोरा मागितला. ओटीचा खण पांढऱ्याकडे झुकणारा होता, बारीक फुलांचा. सांगलीहून त्यांच्यासाठी आणलेली हळद अजून पुडीतच होती. त्यातली मूठभर गरम पाण्यात कालवली आणि खण बुडवला. हळदीचं लुगडं म्हटल्यावर कुणाची बोट दाखवायची छाती नव्हती. पिवळं म्हणजे सवाष्णीचं, आणि ससा ज्याअर्थी पांढरा दिसत होता त्याअर्थी हेही दिसणार.

वन्सं न्हाणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "वटीचा खण शेळीला?"

भावजी दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "सवाष्ण हाय न्हवं ती? मग चालतंय की."

खण उन्हात वाळवला, पायरीवर बसून लुगडं हाताने शिवलं, पदर मुद्दाम वीतभर लांब ठेवला. दहिवडीचा एक जण त्याच दुपारी सुट्टी संपवून मुंबईला गोदीत परत चालला होता. भावजींनी त्याच्या पिशवीत पुडकं घातलं आणि पत्ता त्याच्याकडून तीनदा पाठ म्हणून घेतला.

सांगलीला परतले. दिलीपचा गणिताचा पेपर वाईट गेला होता, आणि त्याला कारण मी, असं ह्यांचं म्हणणं पडलं. मी वाद घातला नाही. दारात रोज पोस्टमनची वाट बघताना मला दुसरं काही सुचत नव्हतं. माझ्या हट्टापायी शेळी जाणार, आणि बाळू मला दोष देणार नाही, फक्त पुढचं कार्ड पाठवेल, "ताई, एक कासव कर." याची मला खरोखर भीती वाटत होती.

एप्रिलमध्ये कार्ड आलं. "पदर दिसला. शेळी राहिली." चार शब्द. ताईसुद्धा नव्हतं. मी ते घेऊन दुकानात गेले आणि यांच्या पुढ्यात धरलं. यांनी कार्ड हातातून घेतलं, वाचलं, आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, जरा बसा.

ठकूबाई त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत होती. मी लुगडी पाठवत राहिले, सगळी पिवळी. पदर दर आठवड्याला दिसायचा म्हणे, पोरं त्या जागी गप्प बसायची म्हणे. मी पाहिलं नाही. सांगलीत टीव्ही दिसायला लागला तोवर 'चुळबुळ' बंद झालं होतं, आणि आता तर बाळूलाही जाऊन बरीच वर्षं झाली.

त्या एप्रिलात मी त्याला उत्तर लिहायला बसले होते. मनात पुष्कळ होतं. तू जागा असायचास का रे, हे विचारायचं होतं. मला ते सगळं दिसलं, हे सांगायचं होतं. अर्धा तास कार्ड पुढ्यात घेऊन बसले, आणि मग दुकानातून हाक आली म्हणून घाईने लिहिलं: "खण ओटीचा आहे. धुऊ नकोस, रंग जाईल." तेवढंच पेटीत टाकलं.